‘मूळ’ चित्रपट म्हणजे कोणता? पिक्सारच्या एका कराराची पार्श्वभूमी

पिक्सार हा अमेरिकी ॲनिमेशन स्टुडिओ आता नुसते पुढचे भागच काढत बसणार का, हा प्रश्न २०२४ नंतर जरा जास्तच जोरात विचारला जातो. त्या वर्षी ‘इनसाइड आउट २’ने जगभरात १६९ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. पुढच्याच वर्षी ‘एलिओ’ ही कोरी करकरीत कथा आली आणि पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत तिला २ कोटी १० लाख डॉलरही मिळाले नाहीत. स्टुडिओच्या चित्रपटांची इतकी थंड सुरुवात त्याआधी कधी झाली नव्हती. नवी कथा की जुन्याचा पुढचा भाग, हा वाद मात्र आजचा नाही. पिक्सारने त्याचे चित्रपट वितरित करणाऱ्या डिस्नेबरोबर केलेल्या १९९७च्या करारात ‘मूळ चित्रपट’ असा एक शब्दप्रयोग होता. या दोघांची २००४ची फारकत आणि डिस्नेने २००६ मध्ये केलेली पिक्सारची खरेदी समजून घ्यायची तर आधी त्याच्याशी भिडावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. १९७९ मध्ये एका चित्रपट कंपनीचा संगणक विभाग म्हणून सुरुवात, १९८६ मध्ये विक्री होऊन स्वतंत्र कंपनी, काही वर्षं यंत्रं आणि सॉफ्टवेअर विकण्याची धडपड, सोबत लघुपट. १९९१ मध्ये डिस्नेबरोबर तीन चित्रपटांचा करार झाला. पैसा डिस्नेचा, पात्रांवर हक्क डिस्नेचा, पिक्सारला नफ्यातला छोटा हिस्सा. अडलेल्या माणसाने सही करावी तसाच तो करार होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘टॉय स्टोरी’ची स्टोरी रील, म्हणजे रेखाचित्रं जोडून केलेला कच्चा चित्रपट, डिस्नेला दाखवली, तेव्हा त्यातलं मुख्य खेळणं, वूडी, इतका खडूस आणि दुष्ट वाटला की काम थांबवण्यात आलं आणि पटकथा नव्याने लिहावी लागली.

२२ नोव्हेंबर १९९५ला चित्रपट लागला आणि आठवड्याभरात, २९ तारखेला, कंपनीचे शेअर बाजारात आले. २२ डॉलरला दिलेला शेअर त्या दिवशी ३९ वर बंद झाला. आता हातात स्वतःचा पैसा होता आणि बोलणी बरोबरीने करता येणार होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये जुना करार मोडून नवा झाला: दहा वर्षांत पाच चित्रपट, खर्च निम्मा-निम्मा, नफा निम्मा-निम्मा, आणि पडद्यावर दोन्ही नावं सारख्याच आकारात. स्टुडिओच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. अडचण एकच होती. हे पाच चित्रपट ‘मूळ’ हवेत, असं त्यात लिहिलेलं होतं. आधीच्या चित्रपटातली पात्रं घेऊन केलेलं काहीही, म्हणजे पुढचा भाग, मालिका, व्हिडिओ, हे ‘साधित’ काम समजायचं आणि ते पाचांत धरायचं नाही.

करार झाला तेव्हा ही अट कुणाला फारशी खुपली नाही. ‘टॉय स्टोरी २’ तेव्हा चित्रपटगृहासाठी नव्हताच. गाजलेल्या चित्रपटाचा स्वस्तातला दुसरा भाग काढायचा आणि थेट कॅसेटवर विकायचा, ही डिस्नेची तेव्हाची पद्धत. १९९४ मध्ये ‘अलादीन’च्या दुसऱ्या भागाने त्यातून भरपूर कमाई करून दिली होती. अशी कॅसेट मोजणीत धरली नाही तर बिघडलं काय? पण काम सुरू झाल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. संगणकावर ‘स्वस्तातलं’ ॲनिमेशन असं काही नसतं, पात्र पडद्यावर हलवायला तितकेच लोक आणि तितकीच यंत्रं लागतात. शिवाय जमून आलेलं काम पाहून डिस्नेच्या लोकांनाही ते पडद्यावरच आणावंसं वाटू लागलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये हा भाग चित्रपटगृहांत लागणार असं जाहीर झालं. खर्च आणि नफ्याची वाटणी मूळ चित्रपटासारखी ठरली. मोजणीचं कलम मात्र तसंच राहिलं.

हा चित्रपट कसा झाला हे पाहिलं, की ‘मोजणीत नाही’ हे शब्द का झोंबतात ते कळतं. १९९८ मध्ये कुणीतरी चुकून एक आज्ञा चालवली आणि फायली पुसल्या जाऊ लागल्या. पडद्यासमोर बसलेल्यांना आधी वूडीची टोपी गेलेली दिसली, मग बूट, मग अख्खा वूडी. धावत जाऊन यंत्राची वायर उपटेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. बॅकअप पाहिला तर तोही महिनाभर नीट होत नव्हता. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तांत्रिक प्रमुख बाईंकडे एक प्रत होती, म्हणून निभावलं. त्यांचा संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, जपून स्टुडिओत आणला गेला.

एवढं करून वाचवलेलं कामही पुढे बहुतेक सगळं बाजूला ठेवलं गेलं. ‘अ बग्ज लाइफ’मधून मोकळी झालेली मुख्य मंडळी १९९८च्या अखेरीस रील पाहायला बसली आणि त्यांना कथा पोकळ वाटली. प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती. उरलेल्या नऊ महिन्यांत चित्रपट जवळजवळ पुन्हा केला गेला. काम संपेपर्यंत एक तृतीयांश लोकांना हात-मनगटांची दुखणी जडली होती. एक कलाकार सकाळी तान्ह्या बाळाला पाळणाघरात सोडायचं विसरून थेट कामावर आला आणि बाळ तापलेल्या गाडीतच राहिलं. काही तासांनी बायकोने विचारल्यावर त्याला आठवलं. बाळ बेशुद्ध होतं. अंगावर गार पाणी ओतल्यावर ते शुद्धीवर आलं, बचावलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये लागलेल्या या चित्रपटाने जगभरात पहिल्या भागापेक्षा जास्त कमाई केली. करारात त्याची किंमत शून्य.

डिस्नेची बाजूही सांगायला हवी. अट लेखी होती, दोघांच्या सह्या होत्या, आणि पुढचे भाग धरले असते तर पाचांतले तीन खेळण्यांचेच निघाले असते, ही त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही माझ्या मते ती अट कॅसेटच्या हिशोबाने लिहिलेली होती, आणि कॅसेटचा चित्रपट झाला त्या दिवशीच तिचा पुनर्विचार व्हायला हवा होता.

परिणाम साधा आणि लांबचा झाला. ‘अ बग्ज लाइफ’ हा पहिला, मग ‘मॉन्स्टर्स, इंक.’, ‘फाइंडिंग नीमो’, ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि २००६चा ‘कार्स’ हा पाचवा. पुढचा भाग काढला तर करारातून सुटका लांबते, म्हणून ‘टॉय स्टोरी २’नंतर सात वर्षं एकही पुढचा भाग नाही. आपण ज्याला पिक्सारचा सुवर्णकाळ म्हणतो आणि ज्याचं श्रेय निव्वळ कलात्मक बाण्याला देतो, त्याला या कलमाचाही हातभार होता.

दुसरा काच त्याहून वाईट होता. पात्रं डिस्नेच्या ताब्यात असल्याने स्टुडिओने नकार दिला तर पुढचा भाग डिस्ने दुसऱ्याकडून करून घेऊ शकत होती. जानेवारी २००४ मध्ये बोलणी फिसकटली आणि डिस्नेने खरोखरच त्यासाठी वेगळा विभाग उघडला. तिथे तिसऱ्या ‘टॉय स्टोरी’ची पटकथाही तयार झाली; त्यात बिघडलेला बझ, वूडीचा खेळण्यातला जोडीदार, दुरुस्तीसाठी तैवानला जातो. ज्यांनी बझ घडवला त्यांना तेव्हा काय वाटलं असेल?

सप्टेंबर २००५ मध्ये हाँगकाँगच्या नव्या डिस्ने पार्कच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना, कंपनीची सूत्रं हाती घेणाऱ्या नव्या प्रमुखांच्या लक्षात आलं की गेल्या दहा वर्षांतली चाललेली पात्रं जवळजवळ सगळी पिक्सारची आहेत. जानेवारी २००६ मध्ये ७४० कोटी डॉलरला खरेदी जाहीर झाली. तो वेगळा विभाग बंद झाला, तैवानची पटकथा रद्द झाली.

मोजणीचा प्रश्न त्याबरोबर संपला आणि पुढचे भाग मोकळे झाले. २०१० मध्ये ‘टॉय स्टोरी ३’ने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. पुढच्या वर्षीच्या ‘कार्स २’ला ॲनिमेशनपटांच्या ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही, तो पुरस्कार सुरू झाल्यापासून स्टुडिओच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. मग ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’, ‘फाइंडिंग डोरी’, ‘कार्स ३’, ‘इन्क्रेडिबल्स २’, ‘टॉय स्टोरी ४’. मधल्या काळात ‘इनसाइड आउट’ आणि ‘कोको’सारख्या नव्या कथाही आल्या. पण महासाथीत ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ या तिन्ही नव्या कथा अमेरिकेत थेट घरच्या पडद्यावर गेल्या, आणि २०२२ मध्ये चित्रपटगृहासाठी राखून ठेवला गेला तो बझचा ‘लाइटइयर’. तो फारसा चालला नाही.

‘टॉय स्टोरी ५’ची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये डिस्नेच्या प्रमुखांनी केली, गुंतवणूकदारांना तिमाही निकाल सांगताना. त्याच बैठकीत कंपनीभरातल्या ७,००० नोकऱ्या कमी करण्याचंही जाहीर झालं.