वटवाघळांचे जीवाश्म

वटवाघळांचे जीवाश्म : कायरॉप्टेरा गणातील प्राण्यांचे खडकांत, गुहांतील मातीत व खाणींच्या थरांत टिकून राहिलेले अवशेष. मराठीत मोठ्या फळखाऊ जातींना वटवाघूळ आणि लहान कीटकभक्षी जातींना पाकोळी म्हणण्याची पद्धत आहे. पाकोळी हे नाव एका पक्ष्यालाही असल्याने या नोंदीत सरसकट वटवाघूळ हाच शब्द वापरला आहे. आज या गणात १,४०० हून अधिक जाती असून सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे साधारण एक जात वटवाघळाची असते. त्या मानाने जीवाश्म फारच थोडे सापडतात. उडण्यासाठी हलकी झालेली, कागदासारख्या पातळ भिंतींची हाडे गाळात दबली की चुरतात, आणि उष्ण जंगलांतील आम्ल मातीत ती विरघळूनही जातात. मागे राहतात ते बहुधा दात आणि जबड्याचे तुकडे. दातावर कठीण लुकण (एनॅमल) असते, म्हणून तो टिकतो.

यामुळे या विषयातील अभ्यासक हा बहुतांशी दातांचा अभ्यासक असतो. वरच्या दाढेवरील इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी कड ही कीटकभक्षी वटवाघळांची ठळक खूण असली, तरी ती चिचुंद्रीच्या कुळातही आढळते. तेवढ्यावरून निर्णय देता येत नाही. खालच्या दाढेच्या मागच्या भागातील कटक (धारेसारखी उंच रेघ) कोणत्या उंचवट्याला जाऊन मिळतो, यावरून आंरी मेन्यू व बर्नार सिजे या फ्रेंच संशोधकांनी १९७१ मध्ये दोन नमुने वेगळे केले. कटक अगदी मागच्या छोट्या उंचवट्याला मिळत असेल तर तो निक्टॅलोडाँट नमुना आणि आतल्या बाजूच्या मोठ्या उंचवट्याला मिळत असेल तर मायोटोडाँट. पहिला नमुना अधिक आदिम मानतात. एक-दीड मिलिमीटरच्या दाढेवरची ही रेघ कुठे वळते, यावर एखाद्या जातीचे कुळ ठरते.

सर्वांत जुने अवशेष : निर्विवाद वटवाघूळ म्हणता येईल असे सर्व जुने जीवाश्म आदिनूतन (इओसीन) काळातील आहेत. त्याआधीच्या पॅलिओसीन काळातील वायोनिक्टेरिस हा उत्तर अमेरिकेतील प्राणी वटवाघूळ असावा, असे फिलिप जिंजरिच यांनी १९८७ मध्ये सुचवले होते. हे मत आता मागे पडले आहे. पोर्तुगालमधील सिल्व्हेरिन्या येथे मिळालेले थोडे दात आदिनूतन काळाच्या अगदी आरंभाचे, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे समजतात. २००९ मध्ये या जातीचे नामकरण करताना प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) नावापुढे, आर्किओनिक्टेरिसपुढे, प्रश्नचिन्ह टाकावे लागले. चीनमधील जुंगार खोऱ्यातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली जात अवघ्या दोन दातांवर उभी आहे. ऑस्ट्रेलियातील मर्गन येथील ऑस्ट्रेलोनिक्टेरिसचे (१९९४) वयही जवळपास एवढेच सांगितले जाते, पण त्या थरांच्या कालनिर्णयाबद्दल सर्वांचे एकमत नाही.

म्हणजे युरोप, आशिया व ऑस्ट्रेलिया या दूरदूरच्या भूभागांवर आणि थोड्याच काळाने उत्तर अमेरिकेत वटवाघूळ जवळपास एकाच सुमारास अवतरलेले दिसते. त्याचे मूळ स्थान कोणते, हे त्यामुळे सांगता येत नाही. जमिनीवरील पूर्वज व उडणारे वटवाघूळ यांच्या मधला दुवाही हाती लागलेला नाही. गर्भावस्थेत बोटांची हाडे लांबवणाऱ्या बीएमपी-२ या प्रथिनाचे प्रमाण वाढले की पंख घडतो, असे २००६ मध्ये दाखवण्यात आले; बदल इतका थोडक्यात झाला असेल तर मधल्या पायऱ्या विरळच असणार, असा युक्तिवाद त्यावरून करतात. तो संभाव्य आहे, पण थर न सापडणे हेही कारण असू शकते.

ग्रीन नदीचे सांगाडे : अमेरिकेतील वायोमिंग राज्यात केमररजवळ एका प्राचीन सरोवराचा, ग्रीन नदीच्या नावाने ओळखला जाणारा, पातळ पापुद्र्यांचा चुनखडक आहे. तेथील माशांचे जीवाश्म जगभर विकले जातात. याच खडकातून आलेल्या एका अखंड सांगाड्याचे वर्णन प्रिन्स्टनचे ग्लेन जेपसन यांनी १९६६ मध्ये केले व त्याला इकॅरोनिक्टेरिस इंडेक्स हे नाव दिले. तर्जनीवर नख असल्याने ‘इंडेक्स’. वय सुमारे ५ कोटी २० लाख वर्षे. पुढील चार दशके आदिम वटवाघूळ म्हटले की हेच चित्र छापले जाई. गंमत अशी, की हा प्राणी दिसायला अगदी आजच्या वटवाघळासारखाच होता, त्यामुळे उत्पत्तीबद्दल त्याच्याकडून फारसे काही कळले नाही. याच खडकाच्या खालच्या थरांतील सांगाड्यांवरून २०२३ मध्ये इकॅरोनिक्टेरिस गनेली ही आणखी एक जात वेगळी करण्यात आली. ज्ञात वटवाघूळ-सांगाड्यांत ते सर्वांत जुने होत.

ओनिकोनिक्टेरिस आणि कानाचा वाद : २००८ मध्ये नॅन्सी सिमन्स, केव्हिन सेमूर, यॉर्ग हाबरझेट्झर व ग्रेग गनेल यांनी त्याच परिसरातून ओनिकोनिक्टेरिस फिनेई ही जात प्रसिद्ध केली. हाताच्या पाचही बोटांना नखे आहेत. आजच्या वटवाघळांत ती फक्त अंगठ्याला आणि काहींत तर्जनीलाही असतात. मागचे पाय तुलनेने लांब व पुढचा हात आखूड आहे, म्हणून हा प्राणी फांद्यांवर चढत-लोंबकळत असावा आणि थोडे फडफडून थोडे तरंगत उडत असावा, असा अंदाज आहे.

उडण्याबद्दल शंका नाही. वाद आहे तो ऐकण्याबद्दल. स्वरयंत्रातून ध्वनी काढून प्रतिध्वनीने वेध घेणाऱ्या वटवाघळांच्या हाडांत तीन खुणा पाहतात : कॉक्लिया, म्हणजे अंतर्कर्णातील शंखासारखी गुंडाळलेली नळी, मोठी असते, जिभेच्या आधारातील स्टायलोहायल या काडीसारख्या हाडाचे वरचे टोक वल्ह्यासारखे पसरट असते, आणि कानातील हातोडी-अस्थीवर एक ठळक गोलसर उंचवटा असतो. ओनिकोनिक्टेरिसमध्ये तिन्ही खुणा नाहीत, असे मूळ वर्णनकारांचे म्हणणे. त्यावरून ‘उड्डाण आधी, प्रतिध्वनिवेध नंतर’ हा पक्ष बळकट झाला.

नीना व्हेसेल्का व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे चित्र पालटले. सूक्ष्म-सीटी चित्रणातून त्यांनी दाखवले, की स्वरयंत्राने वेध घेणाऱ्या वटवाघळांत स्टायलोहायल कर्णपटलाच्या कड्याला हाडानेच जोडलेला असतो, आणि इतरांत नसतो. इजिप्तचे फळखाऊ रुसेटस जिभेचा टकटक आवाज काढून अंधाऱ्या गुहेत वाट काढते. त्यात ही जोड नाही. ओनिकोनिक्टेरिसमध्ये मात्र ती दिसते, असे त्यांचे मत पडले. मूळ वर्णनकारांनी त्याच वर्षी उत्तर दिले, की सांगाडा दगडात चपटा दबलेला आहे आणि हाडे एकमेकांवर सरकली आहेत. एकमेकांना टेकलेली दोन हाडे जिवंतपणी जोडलेलीच होती, असे म्हणता येत नाही. चेपलेल्या कवटीवर जोडाचा पुरावा उभारणे अवघड आहे हे खरे. पण त्याच न्यायाने कॉक्लियाचे मोजमापही पूर्ण भरवशाचे ठरत नाही. दोन्ही बाजू वाचल्यावर उड्डाण आधी हे मत प्रस्तुत लेखकाला थोडे सरस वाटते. याला एक बाहेरचा आधारही आहे. १९९१ मध्ये जॉन स्पीकमन व पॉल रेसी यांनी दाखवले, की उडत असताना ध्वनी काढायला वटवाघळाला जवळपास वेगळी ऊर्जा लागत नाही, कारण पंखांच्या फडफडीबरोबर छातीचे स्नायू चाललेलेच असतात. बसल्या जागी तेच काम महाग पडते.

फ्रान्समधील केर्सी भागातून २०२३ मध्ये वर्णन झालेली व्हिएलासिया सिजेई ही जात या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची तिची कवटी चेपलेली नाही. सुझन हँड व सहकाऱ्यांच्या मते तिचा अंतर्कर्ण प्रतिध्वनिवेधी वटवाघळाचा आहे, आणि एकाच गुहेत साठलेल्या अनेक सांगाड्यांवरून गुहेत राहण्याची सवयही तितकीच जुनी असावी.

मेसेल : जर्मनीतील डार्मश्टाटजवळच्या या जुन्या तेलधारी शेलच्या खाणीत, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत, वटवाघळांचे शेकडो सांगाडे मिळाले आहेत. येथील शेल ओला असतो; उघड्यावर वाळला की पापुद्रे सुटून हाडांसकट भुगा होतो. म्हणून तुकडा पाण्यात ठेवतात, एका बाजूने सुईने हाडे उघडी करतात, त्यावर कृत्रिम राळ ओततात, मग उलटून दुसऱ्या बाजूचा सगळा दगड काढून टाकतात. सांगाडा शेवटी पिवळसर राळेत उरतो. हाबरझेट्झर यांची क्ष-किरण चित्रे व गेरहार्ट श्टोर्श यांचे शरीररचनेचे काम अशाच नमुन्यांवरचे आहे. पोटातील अन्नही टिकले आहे : लहान पॅलिओकायरॉप्टेरिक्सच्या पोटात पतंगांच्या पंखांवरील खवले, मोठ्या हासियानिक्टेरिसच्या पोटात भुंगेऱ्यांची कवचे. केसांतील रंगकणांवरून या दोन प्रजाती तांबूस तपकिरी असाव्यात, असे २०१५ मध्ये सुचवले गेले. एवढी वटवाघळे तळ्यात का पडली, याचे कारण विषारी वायू की पाण्यातील विषारी सूक्ष्मजीव, हे ठरलेले नाही. १९७० च्या दशकात ही खाण कचऱ्याने भरून टाकण्याची योजना होती. १९९५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली.

भारत : सुरतेच्या ईशान्येस सुमारे ४० किमी.वर वस्तान ही लिग्नाइटची उघडी खाण आहे. कोळशाच्या थरांमधील मातीची पोती भरून ती पाण्यात बारीक चाळणीवर धुतात आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. अशा सुट्या दातांवरून थिएरी स्मिथ, राजेंद्रसिंह राणा, अशोक साहनी आदींनी २००७ मध्ये येथील वटवाघळांच्या सात जाती नोंदल्या. त्यांत इकॅरोनिक्टेरिस व हासियानिक्टेरिस या अनुक्रमे अमेरिकी व जर्मन थरांतून माहीत असलेल्या प्रजाती आहेत, तशीच सुनील बाजपेयी व सहकाऱ्यांनी आधी नोंदलेली कंबाया ही स्थानिक प्रजातीही आहे. खाणीचे वय सागरी नाण्याश्मांवरून (नाण्यासारख्या कवचांच्या एकपेशीय जीवांच्या जीवाश्मांवरून) काढतात. ५ कोटी २० लाख ते ५ कोटी ४५ लाख वर्षे अशी वेगवेगळी मते आहेत. भारतीय भूखंड तेव्हा आशियाला भिडत होता किंवा भिडण्याच्या बेतात होता. दख्खनचा बेसाल्ट यापेक्षा सुमारे एक कोटी वर्षांनी जुना आहे.

वर्गीकरणावरील परिणाम : लिनीअसने १७५८ मध्ये वटवाघळांना माकड-मानवांच्या गणात ठेवले होते. जॅक पेटिग्रू यांनी १९८६ मध्ये फळखाऊ वटवाघळे ही उडणारी नरवानरे आहेत, असा पक्ष मांडला. जनुकीय पुराव्याने तो फेटाळला गेला आणि फळखाऊ व काही कीटकभक्षी वटवाघळे एकाच शाखेत आली. जीवाश्मांचा या निर्णयात वाटा थोडाच आहे.

अलीकडचे थर : ऑस्ट्रेलियातील रिव्हर्सली येथील चुनखडकात नंतरच्या काळातील वटवाघळे विपुल आहेत. युरोपातील गुहांमधील प्लाइस्टोसीन (हिमयुगांच्या काळातील) अवशेष बहुतेक आजच्याच जातींचे असतात. भारतात आंध्र प्रदेशातील कुर्नूल भागातील बिल्ल सुर्गम गुहांचे उत्खनन रॉबर्ट ब्रूस फूट व त्यांचा मुलगा हेन्री यांनी १८८० च्या दशकात केले. रिचर्ड लिडेकर यांनी तयार केलेल्या तेथील प्राण्यांच्या यादीत वटवाघळेही आहेत.