व्हॉल्व्हच्या काचेतला आरसा

गेल्या आठवड्यात खानापूरचे एक काका हातरुमालात गुंडाळून रेडिओचा जुना व्हॉल्व्ह, म्हणजे संदेश मोठा करणारा काचेचा बल्बसारखा भाग, घेऊन आले. "सर, ह्यात लाल पारा हाय का ओ? मोबाईलवर आलंय, कोटीला जातोय म्हणं." काचेच्या टोकाला चांदीसारखा मुलामा होता आणि खाली पुसट झालेली बीईएलची, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची, अक्षरं.

लाल पाऱ्याची गोष्ट निव्वळ थाप आहे. त्यासाठी कुणी आगाऊ पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. तो मुलामा बेरियम धातूचा असतो, आणि मला तो कोटीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी नवलाचा वाटतो.

व्हॉल्व्हमध्ये मधली नळी साधारण 700-800 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते दोनेकशे व्होल्टच्या धन पत्र्याकडे धावतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते. तिच्यावरचा ऋण विद्युतदाब किंचित कमीजास्त केला, की पत्र्याकडचा प्रवाह त्याबरहुकूम बदलतो. एरियलवरचा क्षीण संदेश असाच टप्प्याटप्प्याने मोठा होतो. पण वाटेत हवेचे रेणू नकोत. पंपाने हवा काढली तरी थोडी उरतेच. म्हणून काच सीलबंद केल्यावर बाहेरून उच्च वारंवारतेच्या कॉइलने आतलं बेरियमचं कडं तापवतात. बेरियमची वाफ काचेवर आरशासारखी बसते आणि उरलासुरला वायू जन्मभर शोषत राहते. काचेला तडा गेला, हवा शिरली, की हाच आरसा दुधासारखा पांढरा पडतो.

भारत इलेक्ट्रॉनिक्स 1954 साली बंगळूरमध्ये, फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीच्या सहकार्याने, सैन्याच्या संदेशयंत्रणेची गरज देशातच भागावी म्हणून उभी राहिली. 1961 मध्ये तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले, आणि लगेच 1962 मध्ये जर्मेनियमचे सेमिकंडक्टर. सेमिकंडक्टरपासून बनणारा ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हचंच काम करतो, पण त्याला तापायला लागत नाही, तो सेलवर चालतो. म्हणूनच निपाणीकडे तंबाखूच्या बांधावर सांगली आकाशवाणी ऐकू येऊ लागली आणि आपण रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागलो. पुढे ही कंपनी रडारपासून मतदान यंत्रांपर्यंत गेली.

काकांच्या व्हॉल्व्हचा आरसा लख्ख होता. मीटर लावला, फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तारही शाबूत. "मग उद्या सेटच आणतो की," म्हणाले. म्हटलं, आणा, पण घरी प्लग लावून बघू नका. इतक्या वर्षांनी आधी कपॅसिटर, म्हणजे सेटमधले वीज साठवणारे भाग, तपासायला हवेत.