'पाऊसही, ऊनही': बर्गनचा हवामान अंदाज पोकळ का नाही

नॉर्वेला फिरायला निघालेली मंडळी आठवडाभर आधीपासूनच मोबाइलवर बर्गनचं हवामान बघायला लागतात आणि वैतागतात. सातही दिवसांसमोर एकच चित्र असतं: ढग, ढगाआड अर्धा सूर्य, खाली दोन थेंब. तापमान १२ ते १५ अंश. "पाऊसही सांगायचा, ऊनही सांगायचं, म्हणजे काहीही झालं तरी हे बरोबरच!" असं परवा एका परिचितांनी ऐकवलं. हा आरोप मला मान्य नाही. ते चित्र म्हणजे अंग काढून घेणं नव्हे. त्यामागे एक नेमकी आणि अतिशय देखणी भौतिक प्रक्रिया आहे.

आधी या गावाची थोडी ओळख. बर्गन नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इतक्या उत्तरेला असूनही जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या थोडं वरच राहतं, कारण समोरच्या समुद्रात अटलांटिकमधून आलेलं उबदार पाणी असतं. वर्षाचा पाऊस जवळपास २५०० मिलिमीटर, म्हणजे साधारण मुंबईइतकाच. फरक आहे तो वाटणीचा. मुंबई आपला पाऊस चार महिन्यांत उरकते. बर्गन तो वर्षातल्या दोनशेहून अधिक दिवसांवर पसरवतं. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बर्गनला तेवढ्यासाठी सरासरीनं चार महिने तरी लागतात. पण २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून तिथे सलग ८५ दिवस रोज पाऊस पडला, हेही खरं.

आधुनिक हवामान अंदाजाचा पाया याच गावात घातला गेला. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस १९१७ साली जर्मनीतल्या लाइपझिगहून बर्गनला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं. ब्रिटनकडून तारेनं येणाऱ्या हवामानाच्या नोंदी बंद झाल्या होत्या आणि तटस्थ नॉर्वेत धान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांना अंदाज तर द्यायला हवा, पण पश्चिमेकडची माहितीच नाही! तेव्हा ब्यर्कनेस यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांची दाट साखळी उभी केली. त्या दाट नोंदींमुळे नकाशावर असं काही दिसलं जे आधी विरळ नोंदींतून निसटत होतं. उबदार आणि थंड हवा एकमेकींत सावकाश मिसळत नाहीत, त्यांच्यात चिंचोळी, तीव्र सीमा असते. त्यांचा मुलगा याकोब यानं १९१९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यावर निबंध लिहिला. टीव्हीवरच्या नकाशात आज आपण निळ्या-लाल रेषा बघतो, त्या तिथूनच आल्या.

बर्गनच्या धक्क्यावर उभं राहून बघितलं तर हा क्रम उघड्या डोळ्यांनी कळतो. आधी पिसांसारखे उंच ढग येतात आणि सूर्याला खळं पडतं. मग करडा थर खाली उतरत जातो, वारा आग्नेयेचा असतो, आणि उबदार हवा थंड हवेच्या पाचरीवरून हळूहळू वर चढत असल्यानं तासन् तास एकसारखा पाऊस लागतो. पुढे थोडी ऊब आणि रिमझिम. मग शीत सीमा, म्हणजे मागून घुसणाऱ्या थंड हवेची कड, येते: एक जोरदार झोड, वारा नैऋत्येकडून फिरून वायव्येचा होतो, हवेचा दाब वाढू लागतो आणि आकाश धुतल्यासारखं निळं दिसतं. दाब वाढला म्हणजे आता उघडीप, असं माणूस धरून चालतो. आणि पाऊण तासानं भिजतो.

माझा आवडता भाग इथून सुरू होतो. शीत सीमेमागून येणारी हवा ग्रीनलंडच्या बाजूची, उत्तर ध्रुवाकडची असते. ती नॉर्वेजियन समुद्रावरून येते तेव्हा खालून तापते. हिवाळ्यातलं उदाहरण घेऊ. पाणी ७ अंश, आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा उणे १० अंश. पाण्यालगतचा हवेचा एक पुंजका ७ अंशांना वर निघाला असं समजा. वर दाब कमी, म्हणून तो प्रसरण पावतो आणि थंड होतो: दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी. दीड किलोमीटरवर पोचताना त्याचं तापमान उणे ८ होईल. भोवतालची हवा उणे १० आहे. म्हणजे तो अजूनही शेजाऱ्यांपेक्षा उबदार, म्हणून हलका, म्हणून आणखी वर जाणार. प्रत्यक्षात तर वाटेतच त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात, सुप्त उष्णता सुटते आणि थंड होण्याचा दर दर किलोमीटरला सहा-सात अंशांवर येतो, त्यामुळे उसळी वाढते. हवामानशास्त्रज्ञ पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचं (म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचं) तापमान यांत १३ अंशांहून अधिक फरक आहे का, हे बघतात ते यासाठीच.

पण सगळीच हवा वर जाऊ शकत नाही. जितकी चढते तितकी कुठेतरी खाली उतरावीच लागते, आणि उतरणारी हवा तापते, तिच्यातले ढग विरतात. म्हणून उपग्रहाच्या चित्रात शीत सीमेमागचा समुद्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो: कडांना ढग, मधे मोकळी जागा. तीच मोकळी जागा म्हणजे बर्गनचं ऊन. सर आणि ऊन ही एकाच अभिसरणाची दोन अंगं आहेत. एक असेल तर दुसरं असणारच. पाच किलोमीटर रुंदीची सर ताशी ३६ किलोमीटर वेगानं आली तर तुमच्या डोक्यावरून आठ-नऊ मिनिटांत जाते. सरीचा ढग स्वतः तासभर जगला तरी खूप. उद्या तीन वाजून वीस मिनिटांनी अमुक गल्लीत पाऊस, असं सांगणारा ढग आज अस्तित्वातच नसतो. 'सरी, मधेमधे ऊन' हाच त्या हवेचा खराखुरा अंदाज.

ऋतू बदलला की जागा बदलते. हिवाळ्यात समुद्र जमिनीपेक्षा उबदार, म्हणून सरी किनाऱ्यावर कोसळतात आणि आत विरत जातात. जूनमध्ये जमीन तापते आणि समुद्र थंड असतो. तेव्हा दुपारच्या सरी आतल्या डोंगरांत जास्त होतात आणि बाहेरच्या बेटांवर लख्ख ऊन असू शकतं.

आता दोन शब्द भाकितांच्या बाजाराबद्दल. इंग्लंडात १५ जुलैला, सेंट स्विदिनच्या दिवशी, पाऊस पडला तर पुढे ४० दिवस पडतो अशी समजूत आहे. आपल्या पंचांगांत सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवानं भागतात, आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, गाढव असं वाहन ठरवतात. ती बाकी कोकणालाही तीच आणि माणदेशालाही तीच! सह्याद्री ओलांडला की पाऊस कुठल्या कुठे घटतो, हे त्या भागाकाराला माहीतच नसतं. महिनाभराचा तासातासाचा अंदाज दाखवणारी ॲप्सही मला तितकीच खटकतात. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९६० च्या दशकातल्या कामापासून आपल्याला माहीत आहे की रोजच्या हवामानाच्या तपशीलवार अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवडे आहे.

बर्गनला जाणार असाल तर चित्रापेक्षा वाऱ्याची दिशा बघा. नैऋत्येचा जोरदार वारा असेल तर ओली हवा डोंगरांवर चढते आणि पाऊस लांबतो. त्या दिवशी संग्रहालय बरं. पूर्वेचा असेल तर डोंगर आडवे येतात, गाव बहुधा कोरडं राहतं, उलरिकेनचा डोंगर चढायला तोच दिवस. वायव्येचा असेल तर सरींचा दिवस. नॉर्वेची हवामान संस्था आणि एनआरके ही प्रसारण संस्था यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या 'यर' या हवामान सेवेवर तिथला पुढच्या ९० मिनिटांचा पाऊस दिसतो. तो बघा, आणि सर जाईपर्यंत कॉफी घ्या.