मासेमारीच्या रॉडवरच्या शोभेच्या धाग्यामुळे गाईड सुटतो?

कस्टम रॉड बनवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की गाईडच्या (म्हणजे गळाची दोरी ज्यातून जाते त्या कडीच्या) रॅपला, म्हणजे तिला रॉडशी बांधणाऱ्या धाग्याच्या वेढ्यांना, सोनेरी-चंदेरी धाग्याची पट्टी दिली की पकड कमी होते आणि मोठा मासा लागला की गाईड उपटतो. असं काही नाही हो. गाईडचा पाय (रॉडला टेकणारा चपटा भाग) धरून ठेवतो तो मुख्य धागा, ताणून घातलेले त्याचे वेढे आणि वरून इपॉक्सी (कडक होणारा पारदर्शक लेप). शोभेची पट्टी म्हणजे चार-पाच वेढे, तेही बहुतेक वेळा पायाच्या पुढे नुसत्या ब्लँकवर (रॉडच्या मूळ दांड्यावर), म्हणजे तिच्यावर भार येतच नाही. (उलट पट्टीने मजबुती वाढते म्हणणारेही आहेत, तोही नुसता समजच.)

गडबड होते ती वेगळीकडे. मेटॅलिक धागा ताठ असतो, त्याचं टोक लूपने वेढ्यांखालून ओढून नीट कापलं नाही तर कुसळासारखं वर राहतं आणि इपॉक्सीतून डोकं काढतं. आणि साधा नायलॉन धागा कलर प्रिझर्व्हर (इपॉक्सी धाग्यात मुरू न देणारा थर) न लावता इपॉक्सीत भिजला की गडद, अर्धपारदर्शक होतो, मग हौसेने निवडलेला रंग गायब. रंग टिकवायचा तर प्रिझर्व्हर लावा किंवा सरळ एनसीपी ('नो कलर प्रिझर्व्हर', म्हणजे प्रिझर्व्हर न लागणारा) धागा घ्या. गाईड खरंच हलत असेल तर पायाचं टोक घासून निमुळतं केलंय का ते आधी बघा, पट्टीला कशाला दोष!