चाकांवरील मापनातून इंजिनाची अश्वशक्ती

मोटारीतून इंजिन न उतरवता तिची चालक चाके रोलरवर फिरवून जी शक्ती मोजतात, ती चाकांवरची अश्वशक्ती. गिअरबॉक्सपासून टायरपर्यंत वाटेत जेवढी शक्ती खर्ची पडली ती या आकड्यात मिळवली, की इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील (इंजिनातून शक्ती बाहेर देणाऱ्या दांड्यावरील) शक्तीचा अंदाज येतो. पहिला आकडा मोजलेला असतो, दुसरा हिशेबाने काढलेला. दोन्ही एकाच विश्वासाने सांगितले जातात, आणि बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

या यंत्राला चॅसिस डायनो म्हणतात. त्याच्या साध्या प्रकारात चाकांखाली एक जड रोलर असतो. त्याचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला तो किती विरोध करतो याचे माप, आधीच ठाऊक असते, त्यामुळे तो किती झपाट्याने वेग घेतो एवढे मोजले की पुरते. समजा, रोलरचे जडत्व आघूर्ण १०० किग्रॅ·मी² आहे, तो सेकंदाला १०० रेडियन फिरतो आहे आणि त्या क्षणी त्याचा कोनीय वेग दर सेकंदाला ६ रेडियन प्रति सेकंदाने वाढतो आहे. तिन्हींचा गुणाकार ६०,००० वॅट, म्हणजे ७४५.७ वॅटच्या अश्वशक्तीने सुमारे ८०. दुसऱ्या प्रकारात रोलरला विद्युतचुंबकीय किंवा पाण्याचा ब्रेक लावून इंजिन फिरण्याच्या एका ठरावीक वेगावर धरून ठेवता येते. चाके काढून थेट हबला, म्हणजे चाक जिथे बसते त्या भागाला, जोडायचे डायनोही असतात. त्यांत टायरचे घर्षण आणि घसरण वगळली जाते.

खरा अवघड भाग नुकसानीचा. ‘चाकांपर्यंत पोचताना १५ टक्के जातात’ हा ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. त्यातली पहिली चूक अंकगणिताची: चाकांवर १०२ अश्वशक्ती मिळाली, तर इंजिनाची शक्ती १०२ भागिले ०.८५, म्हणजे १२०. १०२ ला १.१५ ने गुणून येणारी ११७ नव्हे. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. ऑइल घुसळण्यात आणि बेअरिंग, सील यांच्या घर्षणात जाणारी शक्ती मुख्यतः फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. गिअरच्या दात्यांवरच्या दाबामुळे होणारे नुकसान मात्र भाराबरोबर वाढते. वरच्या गाडीत गेलेल्या १८ पैकी १० वेगाची आणि ८ भाराची धरू. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) बसवून फिरण्याच्या त्याच वेगावर इंजिन २४० वर नेले, तर नुकसान १० अधिक १६, म्हणजे २६ होईल आणि चाकांवर २१४ मिळतील. ठोकताळा लावणारा मात्र २१४ ला ०.८५ ने भागून २५२ सांगेल. नसलेली १२ अश्वशक्ती कागदावर उगवते.

यावर उपाय म्हणून कोस्टडाउन करतात. पूर्ण थ्रॉटलची फेरी, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घेतलेली चाचणी, संपताच क्लच दाबतात आणि रोलर व चाके आपोआप मंदावू देतात. मंदावण्याच्या दरावरून घर्षणात जाणारी शक्ती निघते, ती चाकांवरच्या शक्तीत मिळवतात. सरधोपट टक्क्यापेक्षा ही पद्धत खूपच बरी, कारण ती त्या गाडीचे स्वतःचे घर्षण मोजते. तरीही मंदावताना दात्यांवर इंजिनाचा भार नसतो आणि टायरही ओढ देत नसतो, त्यामुळे भाराचे नुकसान बहुतांशी निसटतेच.

टायरमधली हवा, गाडी पट्ट्यांनी किती आवळली आहे, ऑइल किती तापले आहे, यांनीही आकडा हलतो. फेरी सहसा १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग इंजिनाच्या वेगाएवढाच राहतो अशा गिअरमध्ये, घेतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा फिरण्याचा वेग फार झपाट्याने वाढतो, फ्लायव्हीललाच (इंजिनाच्या जड चाकाला) वेग देण्यात जास्त शक्ती खर्च होते आणि चाकांवर कमी दिसते. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून शक्ती पुढे पोचवणारा भाग) लॉक नसेल तर त्याची घसरणही यात मिसळते.

हवामानाची दुरुस्ती, म्हणजे मोजलेली शक्ती ठरावीक तापमान आणि दाबाच्या हवेत किती झाली असती तो हिशेब, वेगळी. एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या जे१३४९ मानकात २५° से. तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरतात. डीआयएन ७००२० या जुन्या जर्मन मानकात २०° से. आणि १०१.३ किलोपास्कल. त्यामुळे तीच फेरी डीआयएनमध्ये जास्त शक्ती दाखवते. टर्बो इंजिन विरळ हवेची उणीव स्वतःच काही अंशी भरून काढते. त्याला पूर्ण दुरुस्ती लावली तर आकडा फुगतो. म्हणून डायनोचा आलेख वाचताना दुरुस्तीचे मानक, गिअर आणि आकडा चाकांवरचा की इंजिनाचा, हे आधी पाहावे. बदल करण्यापूर्वीची व नंतरची फेरी एकाच डायनोवर, त्याच गिअरमध्ये आणि त्याच टायरवर घेतली असेल, तर चाकांवरचाच फरक पुरेसा बोलका असतो. तिथे इंजिनाचा अंदाज काढण्याची गरजही पडत नाही.