दगडी फरशीची बैठक (कोकण)

कोटा, शहाबादी, कडप्पा, ग्रॅनाईट किंवा संगमरवर बसवण्याआधी फरशीखाली जे थर तयार करतात, ते मिळून तिची बैठक होते. तळमजल्यावर त्यात जोत्यातला भराव, त्यावरचा काँक्रीटचा कोबा आणि फरशीला लागून असलेला मालाचा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचा थर येतो. फरशी हलणे, पोकळ वाजणे, तडकणे किंवा तिच्यावर डाग उमटणे या तक्रारींचा दोष बहुधा दगडाला दिला जातो. कारण मात्र खालीच सापडते.

कोकणातल्या घराचे जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे असते. जांभा सच्छिद्र, पाणी शोषणारा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. पूर्वी चोपून सारवलेल्या जमिनीत ही ओल वर येऊन सुकून जाई. दगडी फरशीने तिची वाट अडते. मग ती सांध्यांतून क्षार घेऊन वर येते आणि कडेने पांढरा लोणा फुटतो. म्हणून इथे बैठकीने वजन पेलायचे आणि ओलही थोपवायची असते.

सर्वांत जास्त हयगय भरावात होते. पाया खणताना निघालेली माती, चिऱ्यांचे तुकडे, फुटकी कौले, कधी झाडाची मुळेसुद्धा जोत्यात लोटून वरून पाणी सोडले जाते. भराव मुरमाचा असावा, 150 ते 200 मिलिमीटरच्या थरांनी टाकावा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने किंवा यंत्राने ठोकावा. खाडीकाठच्या खाजणातली चिकण माती भरावाला घेऊ नये. ती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. छपराआधी जोते भरून एक पावसाळा तसेच ठेवायची जुनी रीत आजही शहाणपणाची आहे, कारण मोकळा राहिलेला भराव त्या पाण्याने खाली बसतो. मात्र नुसत्या पावसावर भिस्त ठेवून ठोकाई टाळणे चूक. वाळवीची फवारणी कोब्याआधी करावी. कोकणात ती ऐच्छिक समजू नये.

जुन्या घरात फरशी घालायची असेल तर सारवणाचे सगळे थर खरवडून काढावे लागतात. शेणामातीचा हा थर ओलीत मऊ पडतो आणि वरचा कोबा अधांतरी राहतो. खर्च वाचवायला बरेच जण एवढेच टाळतात.

ठोकलेल्या भरावावर हाताने रचलेल्या दगडांचे सोलिंग किंवा जाड खडीचा थर येतो. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांमुळे खालचे पाणी वर चढत नाही. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद जोड एकमेकांवर चढवून पसरावा आणि कडा भिंतीलगत वर वळवाव्यात. मग 1:4:8 प्रमाणाचा (सिमेंट, वाळू, खडी) साधारण 100 मिलिमीटरचा कोबा घालून त्याला किमान सात दिवस पाणी द्यावे. त्याचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नये, खडबडीतच ठेवावा. नळाच्या आणि विजेच्या नळ्या याआधीच टाकून तपासून घ्याव्यात.

मालासाठीची वाळू हा किनारपट्टीचा वेगळाच प्रश्न आहे. समुद्राची वाळू वापरूच नये. खाडीची असेल तर गोड्या पाण्याने नीट धुवावी, नाहीतर काळ्या दगडाची क्रश सँड घ्यावी. वाळूतले मीठ हवेतली ओल ओढते आणि फरशी कायम दमट राहते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. फरशीची कामे नेमकी तेव्हाच निघतात, त्यामुळे पाणीही चाखून पाहिलेले बरे.

नैसर्गिक दगडाची जाडी एकसारखी नसते. म्हणून तो टाइलसारखा पातळ गोंदावर न बसवता साधारण 25 मिलिमीटरच्या मालावर बसवतात. सिमेंट-वाळू 1:4 ते 1:6, पाणी इतकेच की मुठीत दाबल्यावर माल गोळा धरेल. आधी कोबा झाडून भिजवायचा, दोरी आणि पाणसळीने पातळी बांधायची, पडवी-न्हाणीघरात उतार ठरवायचा. मग माल पसरून फरशी लाकडी हातोड्याने ठोकून पाहायची, उचलून खाचखळगे भरायचे, सिमेंटची पातळ रबडी ओतायची आणि पुन्हा बसवायची. चार कोपऱ्यांवर मालाचे ढेकळ ठेवून दगड टेकवणारा गवंडी काम लवकर उरकतो. मधली पोकळी जड कपाट सरकवल्यावर कळते. पांढऱ्या संगमरवराखाली पांढरे सिमेंट लागते, कारण करड्या सिमेंटची छटा दगडातून वर दिसते. मोठ्या खोलीत भिंतीलगत थोडी फट सोडून ती स्कर्टिंगने झाकतात.

जूनच्या सुरुवातीला फरशीला घाम सुटला की लोक बैठकीला दोष देतात, पण दमट हवा थंड दगडाला लागूनही पाणी जमते. फरशीच्या कोरड्या भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. थेंब वरच्या बाजूला दिसले तर ते हवेतले. खालच्या बाजूला जमले तर ओल जोत्यातून येत आहे, आणि मग फरशी उचलून खालचे थर पाहण्याला पर्याय नसतो.