डिस्क बदलली, तरी एरर तीच

सकाळी नऊला हिशेबखात्यातून फोन येतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडतंय, जुनी बिलं दिसतायत, पण नवी नोंद सेव्ह होत नाहीये. जाऊन बघावं तर सर्व्हर चालू आहे, पिंग लागतंय, फाइली वाचता येतात. लिहिता मात्र एक अक्षर येत नाही. लॉगमध्ये शेकडो ओळी भरून एकच तक्रार: बफर आय/ओ एरर (म्हणजे वाचता-लिहिता आलं नाही), डिव्हाइस व्हीडीए. त्याच्या खाली, फाइलसिस्टम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, केल्याची नोंद. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग नवी डिस्क मागवली जाते, बसवली जाते, आठवडाभर शांतता असते, आणि एका सकाळी नऊला पुन्हा फोन वाजतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे भोगलेलं असतं. डिस्क बदलण्यात चूक नसते, घाई असते. ‘डिस्क एरर’ हे शब्द वाचून आपण डिस्कला दोषी धरतो. पण ही एरर म्हणजे साक्षीदाराचं एक वाक्य आहे. साक्षीदार कोण, तो कुठे उभा होता आणि त्याला काय दिसलं असेल, हे आधी विचारायला हवं.

इथला पहिला साक्षीदार व्हीडीए. या नावाची डिस्क मुळात अस्तित्वातच नाही. एका मोठ्या यंत्रावर, म्हणजे हॉस्टवर, पाच-सहा आभासी यंत्रं, आपल्या बोलीत व्हीएम, नांदत असतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं असायची तशी. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की आपलं घर स्वतंत्र आहे, पण विहीर, जिना आणि छप्पर सगळ्यांचं एकच. व्हीएमला जी डिस्क वाटते ती हॉस्टवरची बहुतेक वेळा एक भलीमोठी फाइल असते. व्हीएमने ‘माझा अमुक क्रमांकाचा सेक्टर, म्हणजे माहितीचा कप्पा, दे’ म्हटलं की हायपरवायझर (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) ती मागणी फाइलकडे नेतो. पुढे हॉस्टची फाइलसिस्टम, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून माहितीची जादा प्रत ठेवणारी रचना), कंट्रोलर (डिस्क हाताळणारं कार्ड), बॅकप्लेन (डिस्क खोचायची पट्टी) आणि केबल एवढा प्रवास झाल्यावर ती खऱ्या तबकडीपर्यंत पोचते. वाटेत कुठेही अडलं तरी बिऱ्हाडात एकच बातमी येते: पाणी आलं नाही. विहीर आटली, मोटर जळली की पाइप फुटला, हे घरात बसून कळत नाही.

म्हणून व्हीएमच्या लॉगमधला सेक्टर क्रमांक घेऊन हॉस्टवर शोधत बसण्यात अर्थ नाही. तो क्रमांक त्या फाइलच्या आतला, हॉस्टच्या तबकडीवर तो भलतीकडेच असतो. जुळवायची असते ती वेळ. व्हीएममध्ये एरर आली त्या मिनिटाला हॉस्टचा कर्नल, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लॉगमध्ये काय म्हणत होता? इथे आपल्याकडे एक हमखास घोळ होतो. हॉस्टचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, आणि व्हीएमचं भारतीय वेळेवर असतं. रात्री दोनला झालेली घटना हॉस्टच्या लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या २०:३० ला सापडते. रात्री दोनच्या नोंदी चाळून ‘हॉस्ट स्वच्छ आहे’ असा निष्कर्ष काढला की पुढचा सगळा तपास वाट चुकतो.

आता त्या तबकडीकडे येऊ, कारण कधीकधी दोष खरंच तिचा असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची हार्ड डिस्कची बाहेरची कड ताशी साधारण १३० किलोमीटर वेगाने पळत असते. तिच्यावर हेड तरंगतं ते काही नॅनोमीटरच्या अंतराने. माणसाचा केस त्यापेक्षा हजारो पट जाड असतो. अशा अवस्थेत बिट वाचताना चुका होणं हे रोजचंच आहे. प्रत्येक सेक्टरसोबत दुरुस्तीसाठी जादा माहिती लिहिलेली असते आणि डिस्क गुपचूप चुका सुधारत राहते. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला सेक्टर भेटला की ती पुन्हा फिरून वाचते, पुन्हा, पुन्हा. तरीही जमलं नाही तर त्याची नोंद ‘प्रलंबित’ यादीत करते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यातला १९७ क्रमांकाचा आकडा तो हाच. त्या जागी कुणी नवं काही लिहिलं तरच डिस्क ठरवते, की जागा ठीक आहे की राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर द्यायचा. दुसरा दिला की पाच क्रमांकाचा आकडा वाढतो.

यातून एक फार उपयोगी खूण मिळते. एरर रोज रात्री दोनलाच येत असेल तर तेव्हा काय चालतं ते बघा. बहुधा बॅकअप. दिवसभर व्हीएम डिस्कचा थोडासाच भाग वापरत असते. तीन वर्षांपूर्वीच्या बिलांच्या फाइली कुणी उघडत नाही. बॅकअप मात्र सगळं वाचतो, आणि अडगळीतला तो एक खराब सेक्टर रोज रात्री त्याच्या पायात येतो. तिथे कुणी लिहीत नाही, म्हणून तो बदललाही जात नाही. हॉस्टच्या लॉगमध्ये दर वेळी तोच सेक्टर क्रमांक दिसला तर दोष तबकडीच्या पृष्ठभागाचा, हे जवळपास नक्की. डेबियन या लिनक्स प्रणालीवर सॉफ्टवेअर रेड असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ला अख्ख्या ॲरेची, म्हणजे रेडमधल्या सगळ्या डिस्कची, तपासणी सुरू होते, हेही लक्षात ठेवावं. महिन्यातून एकदाच, रविवारीच येणाऱ्या एररचं मूळ अनेकदा तिथे सापडतं.

अशा डिस्कवर दया दाखवू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, एरर न आलेल्या डिस्कच्या मानाने ३९ पट होती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य आकड्यांत कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. स्मार्टने ‘पास’ म्हटलं म्हणून डिस्क धडधाकट आहे, हे गृहीत धरता येत नाही.

पण आपल्या गोष्टीत तर नवी डिस्क आली आणि एरर राहिली. इथे वारंवार आढळणारं आणि फार कमी तपासलं जाणारं कारण म्हणजे वेळेचा हिशेब.

घरगुती संगणकासाठी बनवलेली डिस्क खराब सेक्टर वाचण्याचा प्रयत्न मिनिट-दोन मिनिटंही करत राहते. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण घरच्या संगणकात ती एकटीच असते आणि तिने हात टेकले तर फोटो कायमचे गेले. दोन मिनिटांत तबकडी १४,४०० फेरे घेते. लिनक्सचा कर्नल मात्र एका आदेशाच्या उत्तरासाठी ३० सेकंदच थांबतो. उत्तर आलं नाही की तो डिस्कला हाका मारतो, मग लिंक रीसेट करतो. डिस्क आपल्याच नादात असल्याने त्यालाही ओ देत नाही. शेवटी कर्नल तिला मेलेली समजतो आणि रेड तिला ॲरेच्या बाहेर काढतं. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क हद्दपार! खरं तर रेडकडे त्या सेक्टरची प्रत दुसऱ्या डिस्कवर होतीच. पहिल्या डिस्कने वेळेत ‘जमत नाही’ म्हटलं असतं, तर रेडने ती प्रत आणून त्याच जागी लिहिली असती आणि प्रकरण सेकंदांत मिटलं असतं.

सर्व्हरसाठीच्या डिस्क म्हणूनच लवकर हार मानतात, साधारण सात सेकंदांत. अनेक डिस्कमध्ये ही मर्यादा स्मार्टसीटीएल या आज्ञेने ठरवता येते. किंमत ७० द्यायची, कारण एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, त्यामुळे ती आज्ञा प्रत्येक बूटच्या वेळी चालली पाहिजे. ज्या डिस्क ही सोयच देत नाहीत, त्यांच्यासाठी उलट करायचं: कर्नलची वाट पाहण्याची वेळ ३० वरून १८० सेकंदांवर न्यायची. या दोन आकड्यांतला मेळ बसला नाही, तर कितीही नव्या डिस्क आणा, त्या एकेक करून बाहेर फेकल्या जातील, आणि काढलेली प्रत्येक डिस्क दुसऱ्या संगणकावर तपासली की ‘चांगली’ निघेल.

दुसरा संशयित म्हणजे केबल. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यात जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर एक पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही की पुडकं पुन्हा मागवलं जातं आणि १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा एकाने वाढतो. त्याचा तबकडीशी संबंध नाही. पाच आणि १९७ शून्यावर, पण १९९ चढत चाललाय, असं दिसलं तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. केबल, तिचा सैल जोड किंवा बॅकप्लेनचा स्लॉट बघायचा. याची सोपी कसोटी अशी, की दोन डिस्कच्या जागांची अदलाबदल करायची. एरर डिस्कबरोबर गेली तर दोष डिस्कचा. जागेवरच राहिली तर दोष जागेचा.

एकाच क्षणी तीन-चार डिस्क कुरकुरल्या तर मात्र एकेका डिस्ककडे बघणं सोडून द्यावं. सगळ्या एकदम बिघडत नसतात. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं. पॉवर सप्लाय थकला असेल आणि भार वाढताच बारा व्होल्टची लाइन खाली बसत असेल. कंट्रोलर तापत असेल. कंपनंही असतील. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिसेंबर २००८ मध्ये चालू डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं होतं, आणि प्रतिसादाच्या वेळेचा आलेख तिथल्या तिथे उसळला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. निष्क्रिय वायू नळ्यांतून इतक्या दणक्यात सुटला, की त्या आवाजानेच अनेक हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा सुमारे दहा तास ठप्प होत्या. काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडला आवाज हा धक्काच असतो.

एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला, तबकडी नाही, हेड नाही, म्हणून आवाजाची भीती नाही. पण तिच्यात सॉफ्टवेअर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने कळवलं, की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि त्यांवरचा डेटा परत मिळणार नाही. फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, तातडीने बदला. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. १६ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही. आता विचार करा, रेडमधल्या सगळ्या एसएसडी एकाच दिवशी विकत घेऊन एकाच तासाला चालू केलेल्या असतात. एक गेली तर दुसरी सांभाळेल, हा रेडचा सगळा भरवसा अशा वेळी कोलमडतो. एकाच खोक्यातल्या सगळ्या डिस्क एकाच ॲरेत लावू नयेत, असं जुनी माणसं सांगतात ते याचसाठी.

दोन कारणं अशी, की ती डिस्कची वाटतात पण तिच्यापर्यंत पोचतही नाहीत. पहिलं म्हणजे मेमरी. लिहायची माहिती आधी रॅममध्ये थांबते; तिथेच एखादा बिट उलटला तर डिस्क चुकीची गोष्ट अगदी इमानदारीने लिहून ठेवते. दर वेळी वेगळ्या फाइली बिघडत असतील आणि डिस्कच्या आकड्यांत काहीच दिसत नसेल, तर रात्रभर मेमरी टेस्ट लावावी. हॉस्टला ईसीसी, म्हणजे एका बिटाची चूक स्वतः सुधारणारी, रॅम हवी, यावर मी तडजोड करणार नाही, कारण तिथे एका बिटाची चूक कुठल्या बिऱ्हाडात जाईल ते सांगता येत नाही.

दुसरं कारण जागेचं. हॉस्टवर २ टेराबाइट जागा असताना सहा व्हीएमना प्रत्येकी ५०० गिगाबाइटचं आश्वासन दिलेलं असतं. जशी गरज पडेल तशी फाइल वाढते. विहिरीचं सगळं पाणी तुमचंच, असं प्रत्येक बिऱ्हाडाला सांगून ठेवल्यासारखं. एक दिवस हॉस्ट भरतो. व्हीएमच्या आत बघितलं तर दोनशे गिगाबाइट मोकळे दिसतात, तरी लिहिणं फसतं. रचनेनुसार कधी आय/ओ एरर येते, कधी हायपरवायझर व्हीएम जागच्या जागी थांबवून ठेवतो. हॉस्टवरची रिकामी जागा बघायला दहा सेकंद लागतात. म्हणून ती सगळ्यात आधी बघावी.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम: प्रत काढणं. प्रलंबित सेक्टर दिसत असताना व्हीएममध्ये फाइलसिस्टमची दुरुस्ती चालवणं घातक ठरतं. दुरुस्तीचं साधन अर्धवट वाचलेल्या माहितीवरून निर्णय घेतं आणि ते लिहूनही टाकतं. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने जेवढं वाचता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर घ्यावं आणि प्रयोग त्या प्रतीवर करावेत. रेडमधली डिस्क बदलतानाही हाच धोका असतो. नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेला दुसरा खराब सेक्टर नेमका तेव्हा समोर येतो.

केबल बदलणार असाल तर आधी १९९ चा आकडा वहीत लिहून ठेवा. तो कधी शून्यावर येत नाही. आज ४१७ असेल तर उद्याही निदान ४१७ दिसणारच, आणि तो पाहून घाबरलेले लोक चांगली डिस्क फेकून देतात. नवी केबल लावा, एक बॅकअप पूर्ण होऊ द्या, रविवारची तपासणी जाऊ द्या, आणि मग बघा: ४१७ च आहे का?